कादंबरी कोण सांगतंय, ते आधी बघा

मी समीक्षक नाही. वाचनालयाची वर्गणी भरून पुस्तकं बदलून आणणारी साधी वाचक आहे. अलीकडे काही मराठी कादंबऱ्या पहिल्यांदा वाचल्या, काही कॉलेजात वाचलेल्या पुन्हा काढल्या. त्यात पुरस्कारवाल्या होत्या, घराघरांत पूजल्या जाणाऱ्या होत्या आणि कुणाला फारशा ठाऊक नसलेल्याही होत्या. कुठली का आवडते आणि कुठली का अर्ध्यात मिटावीशी वाटते, याचा विचार करताना माझ्यापुरता एक निकष सापडला. विषय मोठा असो की छोटा, गोष्ट सांगणारा माणूस कोण आहे आणि त्याचं बोलणं मला खरं वाटतं का, यावर सगळं ठरतं. त्या निकषावर ही मतं बेतलेली आहेत. पटली नाहीत तर वाद घालायला माझी ना नाही.

१. सुरुवातीला गोष्ट शोधू नये, आवाज शोधावा.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. लेखक तेव्हा पंचविशीतला, नायक पांडुरंग सांगवीकरही तेवढाच. कथानक विचाराल तर दोन वाक्यांत संपतं: खानदेशातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, काहीच धड न करता परत येतो. तरीही ती हातची सुटत नाही, कारण बोलणारा पोरगा पहिल्या पानापासून समोर बसलेला असतो. स्वतःची टिंगल करतो, फुशारक्या मारतो, मधेच डायरी लिहितो, मधेच बखरीचं सोंग आणतो. आणि मग धाकटी बहीण मनी जाते. तिथे सगळी सोंगं गळून पडतात. आधीची शंभर पानं हा मुलगा थट्टेआड लपत होता, म्हणून ते दुःख अंगावर येतं. गंभीर निवेदकाच्या तोंडी ते मरण इतकं लागलं नसतं.

कॉलेजात असताना मी पांडुरंगाच्या बाजूने होते. आता त्याच्या वडिलांचं बोलणं जास्त ऐकू येतं. शेती, गावकी आणि मोठं खटलं सांभाळणाऱ्या त्या बापाला मुलाच्या पैशांच्या हिशेबाने काय वाटत असेल, हे कादंबरी सांगत नाही, पण दोन ओळींच्या मधून ते दिसतं. मेस आणि गॅदरिंगची काही पानं मात्र आज लांबतात, आणि घराबाहेरच्या बायका जवळजवळ नाहीतच. ‘कोसला’चं सगळ्यात मोठं नुकसान तिची नक्कल करणाऱ्यांनी केलं. पांडुरंगाच्या तोंडचं वगैरे-उदाहरणार्थ उचलणं सोपं, मनीचं मरण लिहिणं अवघड.

२. घरातल्या भांडणाची खरी हकीकत बहुधा बायकोकडे असते.

या यादीतली मला सर्वांत जास्त आवडलेली कादंबरी सांगायची तर रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’. १९७१ साली आली. मराठवाड्यातल्या खेड्यातला गंगाराम शिंपी, त्याचा हट्ट, गावातल्या वजनदार माणसांशी त्याने घेतलेलं वैर, हातून निसटत गेलेला मुलगा आणि उधळलेला संसार. हाच ऐवज दुसऱ्या एखाद्या लेखकाने गंगारामाच्या तोंडून सांगितला असता, तर अन्यायाशी झुंजणाऱ्या मानी माणसाची गोष्ट झाली असती. बोराड्यांनी ती त्याच्या बायकोला सांगायला लावली. सगळा फरक तिथे पडला.

तिला नवऱ्याचा मानीपणा दिसतो, त्याचा आडमुठेपणाही दिसतो, आणि दोन्हींची किंमत चुलीपाशी कोण मोजतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती त्याच्यावर चिडते, त्याला सांभाळून घेते, मधेच त्याचीच बाजू घेऊन गावाला शिव्या घालते. कुठेही ती शहाणपण सांगायला बसत नाही. तिचं वाक्य श्वासाएवढं, बोली मराठवाड्याची, एकही शब्द पुस्तकी नाही. मी नाशिकची. काही शब्द अडले, पण कोशाकडे धाव घ्यावीशी वाटली नाही. माणूस समोर बसून बोलत असलं की अडलेला शब्द त्याच्या चेहऱ्यावरून कळतो, तसं झालं.

पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून लिहिणं मराठीत नवं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती आणि ती सबंध यमू सांगते. तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. विधवेचं केशवपन, सासरचा जाच, शिकण्याची हौस हे सगळं तेव्हाच्या वाचकाला ठाऊकच होतं, पण ज्या मुलीवर ते गुदरतंय तिच्या तोंडून ते ऐकायची त्याला सवय नव्हती. आज वाचताना मधली काही प्रकरणं फार सावकाश सरकतात. यमूचं बालपण, माहेर-सासरच्या बायकांच्या कुचाळक्या आणि मैत्रिणी-मैत्रिणींमधलं बोलणं मात्र अजून ताजं आहे. या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचून बघा. मधल्या ऐंशी वर्षांत बाईच्या बोलण्यातला कळवळा कमी होऊन धार कशी वाढली, ते दिसेल.

३. सहा जण बोलले म्हणजे सहा आवाज झाले असं नाही.

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि तेव्हापासून मराठी घरात मुंजीत, लग्नात, वाढदिवसाला ती भेट दिली जाते. माझ्या थोरल्या भावाला तिच्यातले उतारे पाठ आहेत. कल्पना फार चांगली: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांनी आपापली बाजू सांगायची. पण पान उघडून वरचं नाव झाका आणि कोण बोलतंय ते ओळखायचा प्रयत्न करा. प्रसंगावरून ओळखाल, भाषेवरून क्वचितच. सगळेच अलंकारिक बोलतात, सगळ्यांना उपमा सुचतात, सगळेच थोडे तत्त्वज्ञ. सूतपुत्र शोण आणि राजपुत्र दुर्योधन एकाच शाळेत मराठी शिकल्यासारखे वाटतात.

माझी दुसरी तक्रार याहून मोठी आहे. सहा जणांना बोलायची संधी मिळाली, त्यांत द्रौपदी नाही. कर्णाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न द्यूतसभेतला, आणि जिच्यावर तो प्रसंग आला तिलाच साक्षीला बोलावलेलं नाही. वकिली उत्तम झाली आहे, खटला एकतर्फी आहे.

तरीही वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘मृत्युंजय’ वाचून ज्याला रडू आलं नाही, त्याच्याबद्दल मला थोडी काळजी वाटते. जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत वाचता येतं, हा विश्वास तिने मराठीतल्या कितीतरी मुलामुलींना दिला. ते काम लहान नाही.

वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) त्याच पठडीतली, तीन निवेदकांची. १९७४चं ज्ञानपीठ मिळालेल्या खांडेकरांची ही सर्वांत गाजलेली कादंबरी. इथेही ययातीची सुभाषितं थोडी कमी केली असती तर बरं झालं असतं. मात्र देवयानी बोलायला लागली की पुस्तकात जीव येतो. तिचा राग, तिचा अहंकार, दुखावलेली बाई म्हणून तिचं खुनशी होणं हे लेखकाला मनातून फारसं पसंत नसावं, तरी तिच्या तोंडची वाक्यं त्याच्या हातून निसटून खरी झाली आहेत. आणि तारुण्य देऊन टाकणाऱ्या पुरूला मात्र इथेही स्वतःचं प्रकरण नाही.

४. बोलीतली कादंबरी मोठ्याने वाचावी.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) मी दोनदा सुरू करून बाजूला ठेवली होती. वऱ्हाडी संवाद डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. मग दुपारी घरात कुणी नसताना चार पानं मोठ्याने वाचली आणि कौतिक उभी राहिली. गरिबीशी झगडणारी ही बाई कुठल्याही शहरी लेखकाने देवी तरी केली असती किंवा बिचारी तरी. शेळके तिला भांडू देतात, हिशेब करू देतात, चुकू देतात. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी कान सतत तिच्या बोलण्याकडेच लागलेले असतात.

साहित्य अकादमीचा २०२३चा पुरस्कार मिळालेली कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ हल्लीची. धरणाखाली गाव गेलं, माणसं दुसरीकडे वसवली, मागे राहिलेली म्हशींसारखी जनावरं रानात रानटी झाली. विस्थापनावर आपल्याकडे आधी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) आहे, तिलाही अकादमी मिळाली. दोन्ही लागोपाठ वाचल्यावर फरक कळला. पाटील स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे भूसंपादन, नोटिसा, मोबदला, पुढाऱ्यांचे डाव हा सगळा कारभार ‘झाडाझडती’त तपशिलाने येतो. पुनर्वसन म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तीच वाचावी. ‘रिंगाण’मध्ये फाइल नाही. तिथे माणूस आणि म्हैस एकमेकांना ओळखतील की नाही, एवढाच ताण आहे, आणि तो पुरतो. मला ‘रिंगाण’ उजवी वाटली. ‘झाडाझडती’तली माणसं आठवायला मला थांबावं लागतं, ती म्हैस न बोलावता आठवते.

५. बाहेरून आलेल्या निवेदकाने गप्प बसायला शिकलेलं असावं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर गोष्ट सांगतो, पण स्वतःबद्दल जवळपास काहीच बोलत नाही. कारभारी, आयबू, अंजी, आनंदा रामोशी यांना तो जागा देतो. दुष्काळात वाडी उठते तेव्हाही तो गळा काढत नाही. आजच्या कुणा लेखकाला हा विषय मिळाला असता तर मास्तराच्या मनातल्या घालमेलीवर साठ पानं खर्ची पडली असती.

यापेक्षा हमीद दलवाईंच्या ‘इंधन’बद्दल जास्त बोलायला हवं, कारण ती फार कमी वाचली जाते. १९६५ची, जेमतेम दोन बैठकांत संपणारी. आजारपणातून उठलेला निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. तो मुसलमान, घर त्याचं, माणसं त्याची, तरी त्याच्या विचारांमुळे घरात परका. गावात मुसलमान, कुळवाडी आणि महार यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे लागेबांधे आहेत. जमीन, बायका, मान, देवाची पालखी सगळं त्यात गुंतलेलं. हळूहळू ते तापत जातं. दलवाईंनी पुढे १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्यामुळे ते सुधारक म्हणूनच लक्षात राहिले. पण या कादंबरीत सुधारक कुठेही भाषण करत नाही. उलट सुधारणावादी निवेदक स्वतः किती दुबळा आहे, त्याच्या हातून काय काय घडतं आणि काय घडायचं राहतं, हे लेखक निर्दयपणे दाखवतो. आपल्याच बाजूच्या माणसाला इतक्या कठोरपणे वागवणारा लेखक मराठीत विरळा. आज दोन समाजांतल्या तेढीवर जो तो बोलतो. बोलण्याआधी ही कादंबरी वाचावी असं मी जरूर सांगेन.

६. काही निवेदक अर्धंच सांगतात, उरलेलं आपल्यावर सोपवतात.

पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ (१९६२) म्हणजे फक्त पत्रं, तीही एकाच बाजूची. सावित्री लिहिते, त्याची उत्तरं आपल्याला कधीच वाचायला मिळत नाहीत. चिमूटभर पुस्तक. कोडगू, जपान, युद्धाचा काळ सगळं त्यातून वाऱ्यासारखं वाहतं. तिच्यातली मोराची गोष्ट अनेकांची आवडती आहे, माझीही. पण खरं सांगू का, सावित्री मला थोडी जास्तच समजूतदार वाटते. एखाद्या पत्रात तरी तिने चिडून खाडाखोड करायला हवी होती.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) याच जातीची, पण तापट. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो, घरातला मुलगा आणि मुलगी दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, तो निघून जातो. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. तनय त्याला ‘तू’ म्हणत बोलतो, अनुजाची डायरी आहे. तनयचा भाग विलक्षण आहे. भावाच्या दुःखाला घरात नावच नाही, बहिणीच्या दुःखावर निदान आरडाओरडा तरी होतो, हा फरक लेखक न सांगता दाखवतो. अनुजाचा भाग तेवढा उतरलेला नाही, ती स्वतःचं फार स्पष्टीकरण देत बसते. लेखकानेच पुढे या कादंबरीवर सिनेमा केला. तो बघायचा असेल तर पुस्तकानंतर बघा.

७. जाड कादंबरीत पानं गाळायला घाबरू नये.

नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) सहाशे पानांची. मी ती सगळी वाचली, पण तुम्ही वाचलीच पाहिजे असं नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांसाठी गावी परत येतो, आणि मग मोरगावची शेती, घरातली म्हातारी माणसं, बलुतेदार, बायकांचे भोग हे सगळं उसळून येतं. ती पानं मराठीत दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती. पण खंडेराव जेव्हा संस्कृतीवर व्याख्यान देतो तेव्हा मला नेमाडे बोलताना ऐकू येतात, आणि नेमाड्यांना ऐकायचं तर त्यांचे निबंध आहेतच. रंगनाथ पठाऱ्यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) याहून सोसवला. काळाचा पट सातशे वर्षांचा असला तरी तिथे पूर्वज बदलला की नजर बदलते.

८. इतिहासातल्या मोठ्या माणसापेक्षा त्याच्या शेजारून जाणारा माणूस जास्त खरं बोलतो.

रणजित देसायांची ‘स्वामी’ (१९६२) मला अजून आवडते, थेऊरची शेवटची प्रकरणं विशेष. सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या माधवराव पेशव्यांना देसायांनी मायेने लिहिलं आहे. पण ती माया सगळ्या पानांवर सारखी पसरलेली आहे, आणि प्रत्येक जण रंगमंचावर उभा राहून बोलल्यासारखा बोलतो.

त्यावर उतारा म्हणून नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) घ्यावी. नायक कुणी पेशवा नाही, हेरगिरी करत फिरणारा एक चलाख, थोडा बेरकी, बराच भित्रा माणूस. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या त्याच्या डोळ्यांनी बघितल्या की पराक्रमाच्या जागी लूट दिसते, जळकी गावं दिसतात. बंगालात आपल्या स्वारांची, म्हणजे ‘बर्गीं’ची आठवण काय आहे, हे आपण शाळेत शिकत नाही. तळटिपांची गंमत वेगळी. खरे पेशाने इंजिनिअर होते, बांधकाम पक्कं आहे. त्यांची ‘उद्या’ (२०१४) भविष्यातली, पाळत आणि मक्तेदारीची. तिला २०२०चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी घेतला नाही. ‘उद्या’ हुशार आहे, पण अंताजीसारखा सोबती तिच्यात सापडला नाही.

९. मुलांच्या हातात द्यायचीच तर ‘शाळा’ द्यावी.

मिलिंद बोकिलांच्या या कादंबरीबद्दल (२००४) मोठ्यांनी फार लिहिलंय. मी एवढंच सांगते की नववीतला मुकुंद जोशी कुठेही चाळिशीतल्या लेखकासारखा बोलत नाही. आणीबाणी बाहेर चालू आहे, त्याचं लक्ष शिरोडकर नावाच्या मुलीवर आहे, आणि ते तसंच असायला हवं. माझ्या भाच्याने ती एका सुट्टीत संपवली आणि पुढची अशीच दे म्हणाला. मी ‘बनगरवाडी’ दिली. ती मात्र अजून त्याच्या टेबलावरच आहे.

१०. वाचनालयात पुस्तक नसेल तर गप्प बसू नये.

‘पाचोळा’, ‘इंधन’ आणि ‘धग’ शोधताना मला बरेच हेलपाटे पडले. दर्शनी कपाटात चरित्रात्मक कादंबऱ्या आणि यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं, जुन्या कादंबऱ्या माळ्यावर नाहीतर बाद केलेल्या. यात ग्रंथपालांचा दोष कमी आहे. आपल्या राज्यात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात, आणि खालच्या वर्गातल्यांच्या हातात खरेदीला फार थोडे पैसे उरतात. ते साहजिकच ज्याला मागणी त्यावर खर्च होतात. मग मागणी आपणच नोंदवायला हवी. बहुतेक वाचनालयांत त्यासाठी वही असते, नसली तर कागदावर लिहून द्या. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक ठाऊक असेल तर तोही. या महिन्यात निदान ‘इंधन’ची मागणी नोंदवा, आणि आली की माझ्याशी भांडायला मोकळे व्हा.